म्युनिकचा 1958 चा अपघात: 117 नॉट वेग मिळूनही विमान जमिनीवरून का उठले नाही?

शोधयात्री (प्रश्न)

6 फेब्रुवारी 1958 रोजी म्युनिकच्या रीम विमानतळावर ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे एअरस्पीड अँबॅसडर जातीचे विमान उड्डाणाच्या प्रयत्नात धावपट्टी संपवून कुंपणापलीकडे गेले आणि एका घरावर आदळले. विमानात 44 जण होते, त्यांपैकी 23 जणांचा मृत्यू झाला. बेलग्रेडहून परतणारा मँचेस्टर युनायटेडचा संघ त्यात असल्यामुळे या घटनेवर जे काही वाचायला मिळते ते बहुतांशी फुटबॉलच्या अंगाने लिहिलेले असते. त्या खेळाडूंविषयी मला आदर आहेच, पण माझी शंका विमानाविषयी आहे.

मी जे वाचले त्यात तीन निरनिराळी कारणे आढळतात. काही जण इंजिनातल्या बिघाडाकडे बोट दाखवतात, काही जण पंखांवर बर्फ साचला होता असे सांगतात, तर काहींच्या मते धावपट्टीवरचा अर्धवट वितळलेला, पाण्याने भिजलेला बर्फ, म्हणजे स्लश, हेच खरे कारण होते. विमानाने निर्णयवेग, म्हणजे ज्यानंतर उड्डाण सोडून सुरक्षितपणे थांबता येत नाही तो वेग, गाठला होता याबद्दल मात्र कुणाचे दुमत दिसत नाही. तो वेग एकदा मिळाल्यावर पुढच्या दोन-चार सेकंदांत विमान उठायला हवे होते. ते का उठले नाही? आणि विमानाचे प्रमुख कॅप्टन जेम्स थेन यांना निर्दोष ठरवायला 1969 साल का उजाडावे लागले? या विषयाचा बारकाईने अभ्यास केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

विमानवेध

इंजिनाचा मुद्दा आधी बाजूला काढतो, कारण गोंधळ बराचसा तिथूनच सुरू होतो. त्या दुपारी पहिले दोन प्रयत्न वैमानिकांनी स्वतःहून सोडून दिले, कारण डाव्या इंजिनाचा बूस्ट दाब, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, वरखाली होत होता. अँबॅसडरच्या ब्रिस्टल सेंटॉरस इंजिनांना ही खोड होतीच, आणि म्युनिकसारख्या समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक उंचीवरच्या विमानतळावर ती जास्त जाणवत असे. दुसऱ्या प्रयत्नानंतर प्रवाशांना उतरवून विमानतळाच्या इमारतीत नेण्यात आले. आता आज काही निघत नाही असे वाटून डंकन एडवर्ड्स या खेळाडूने, सर्व उड्डाणे रद्द झाली असून उद्या निघणार आहोत, अशी तार आपल्या घरमालकिणीला पाठवली होती. कंपनीच्या स्थानिक अभियंत्याने सुचवलेला उपाय म्हणजे इंजिन पुन्हा जुळवून घेणे, आणि त्यासाठी रात्रभर मुक्काम करावा लागला असता. थेन यांनी तो पर्याय न घेता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारे दांडे, सावकाश उघडत तिसरा प्रयत्न करायचे ठरवले. त्या प्रयत्नात दाब थोडा हलला, थ्रॉटल किंचित मागे घेताच स्थिरावला, आणि पुढे दोन्ही इंजिने पूर्ण शक्तीने चालली. थोडक्यात, विमान तिसऱ्यांदा धावपट्टीवर का आले हे इंजिनामुळे समजते. ते उठले का नाही हे मात्र समजत नाही.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. नियंत्रणे सहवैमानिक कॅप्टन केनेथ रेमंट यांच्या हाती होती आणि थेन उजव्या आसनावरून वेगदर्शक वाचत होते. त्या दिवशीच्या वजनाला निर्णयवेग 117 नॉट होता, म्हणजे ताशी सुमारे 217 किलोमीटर, आणि सुरक्षित उड्डाणाचा वेग 119 नॉट. थेन यांच्या साक्षीनुसार काटा 117 वर आला, त्यांनी तशी हाक दिली, आणि मग तो पुढे सरकण्याऐवजी 112 वर व तिथून 105 वर उतरला. माझ्या मते या अपघाताची सगळी उकल या एका नोंदीत आहे. इंजिने पूर्ण शक्तीने ओढत असताना आणि कुणी ब्रेक लावलेले नसताना वेग 12 नॉटांनी घटतो, याचा अर्थ काहीतरी विमानाला मागून धरून ठेवत होते.

ते काहीतरी म्हणजे स्लश. कोरडा, भुसभुशीत बर्फ चाकांखाली दबतो किंवा उडून जातो. स्लशचे तसे नाही. तो पाण्याइतका नसला तरी चांगलाच जड असतो आणि चाकाला तो अक्षरशः बाजूला ढकलत पुढे जावे लागते. शिवाय चाकांनी उडवलेला फवारा विमानाच्या पोटावर आणि पंखांखाली आदळतो, त्याचा रोध वेगळा. हा एकूण रोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 60 नॉटला जो अडथळा वैमानिकाच्या ध्यानातही येत नाही तो 117 नॉटला जवळजवळ चौपट झालेला असतो. थरही एकसारखा नव्हता. विमाने ज्या भागातून आधी धावली होती तिथला स्लश त्यांच्या चाकांनी विस्कटलेला होता, पण धावपट्टीच्या शेवटच्या टप्प्यात तो जसा पडला तसा होता, कारण बाकीची विमाने तिथवर येण्याआधीच हवेत गेलेली असत. थेन यांच्या विमानाचेही पहिले दोन्ही प्रयत्न त्या टप्प्याच्या अलीकडेच थांबले होते. वेग सर्वांत जास्त आणि थर सर्वांत अस्पर्श, असे दोन्ही एकाच जागी जुळून आले.

जुना_तंत्रज्ञ

विमानवेध यांच्याशी मी सहमत आहे. पंखावरच्या बर्फाबद्दल थोडी भर घालतो, कारण जर्मन चौकशीने 1959 मध्ये तोच निर्णायक ठरवला होता.

पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर खरखरीत बर्फ असेल तर उचलशक्ती घटते आणि नाक वर घेतल्यावर हवेचा रोधही वाढतो. जमिनीवर धावताना मात्र पंख हवेशी अगदी लहान कोनात असतो, म्हणून त्या अवस्थेत बर्फामुळे वेग फारसा कमी होत नाही. अशा विमानाचा वेग वाढत राहतो, ते उशिरा उठते किंवा कसेबसे उठते आणि मग वर चढू शकत नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे 13 जानेवारी 1982 रोजी वॉशिंग्टनला झालेला एअर फ्लोरिडाच्या 90 क्रमांकाच्या उड्डाणाचा अपघात. त्या बोइंग 737 च्या पंखांवर बर्फ होता. इंजिनांची बर्फरोधक यंत्रणा बंद राहिल्यामुळे दाब मोजणाऱ्या नळ्या गोठल्या, आणि इंजिनातल्या दाबांच्या गुणोत्तरावरून शक्ती सांगणारा दर्शक 2.04 दाखवत असताना प्रत्यक्षातली शक्ती 1.70 च्या आसपासच होती. तरीही ते विमान जमिनीवरून उठले, साडेतीनशे फुटांच्या आसपास पोचले आणि मग पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून पाण्यात पडले. विमानातील 79 पैकी 74 आणि पुलावरील 4 असे 78 जण त्यात गेले. बर्फाने बाधलेला पंख उड्डाणाला कसा दगा देतो हे तिथे दिसते. म्युनिकला गोष्ट निराळी होती. तिथे विमान चढण्याचा प्रश्न उद्भवण्याआधीच वेग गेला.

पुराव्याची बाजू त्याहून अस्वस्थ करणारी आहे. जर्मन तपासनीस हान्स रायशेल यांनी अवशेषांच्या पंखावरचा बर्फ पाहिला तो अपघातानंतर सुमारे सहा तासांनी, रात्री, आणि मधल्या काळात हिमवर्षाव चालू होता. गोठणबिंदूच्या आसपासच्या हवेत, इंजिने बंद पडून विमान थंड होत असताना, सहा तासांनी सापडलेला थर उड्डाणाच्या वेळीही तसाच होता असे मानायला फार मोठी उडी घ्यावी लागते. घटनास्थळी लवकर पोचलेल्या एका जर्मन अभियंत्याने पंखावर गोठलेला थर नव्हता असे सांगितले होते, पण त्याच्या म्हणण्याचा हा भाग पहिल्या चौकशीपुढे आलाच नाही. उड्डाणापूर्वी विमानतळाच्या इमारतीतून काढलेल्या एका छायाचित्रात पंख पांढरे दिसत होते, आणि ते बर्फाचा पुरावा म्हणून पुढे करण्यात आले. मूळ निगेटिव्ह तपासल्यावर मात्र तो पांढरेपणा बर्फाचा असल्याचे सिद्ध होईना.

शोधयात्री

दोघांचेही आभार. वेग कमी होणे आणि उचलशक्ती कमी होणे यांत इतका मूलभूत फरक आहे हे माझ्या लक्षात आले नव्हते. एक उपप्रश्न विचारतो. वेग 117 वरून 112 वर आला तेव्हाच थ्रॉटल मागे घेऊन ब्रेक लावले असते, तर निदान आदळण्याचा जोर कमी झाला नसता का? निर्णयवेगापेक्षा वेग खाली आलाच होता, मग थांबण्याचा निर्णय पुन्हा खुला होत नाही का?

विमानवेध

प्रश्न स्वाभाविक आहे, पण निर्णयवेगाचा अर्थ नुसत्या वेगाशी बांधलेला नसतो. तो वेग धावपट्टीच्या एका विशिष्ट बिंदूशी जोडलेला असतो, आणि त्या बिंदूवर उरलेल्या लांबीत विमान थांबवता येईल असे गणित त्यामागे असते. वेग खाली आला तरी विमान त्या बिंदूच्या पुढे निघून गेलेले असते, आणि उरलेली धावपट्टी दर सेकंदाला साठ मीटरच्या आसपास कमी होत असते. रीमची धावपट्टी साधारण 1,900 मीटर लांब होती. शिवाय हे आकडे कोरड्या धावपट्टीसाठी काढलेले होते. स्लशवर ब्रेक लावले की चाके घसरतात, म्हणजे थांबण्याचे गणितही तितकेच कोलमडलेले होते. ज्या पृष्ठभागाने उड्डाण अशक्य केले त्यानेच थांबणेही अशक्य केले होते.

कॉकपिटमधला वेळही लक्षात घ्यावा. काट्यावरचा पहिला उतार हा क्षणिक धक्का आहे की खरी घट, हे ठरवायलाच एक-दोन सेकंद जातात. थेन यांचा पहिला संशय थ्रॉटल मागे सरकले असावेत असा होता, म्हणून त्यांनी ते पुढे रेटून पाहिले. ते पूर्ण पुढेच होते. तोवर धावपट्टीचे टोक समोर आले होते. रेमंट विमान उचलण्याचा प्रयत्न करत होते आणि त्यांच्या सांगण्यावरून चाके आत घेण्यात आली. त्या क्षणी दोघांपैकी कुणी वेगळे काय करायला हवे होते, हे 1958 च्या ज्ञानाच्या चौकटीत मला तरी सांगता येत नाही. रेमंट पुढे रुग्णालयात मरण पावले, त्यामुळे कॉकपिटमधल्या त्या सेकंदांविषयीची साक्ष मुख्यतः थेन यांचीच राहिली. विमानात आजच्यासारखी नोंदणी यंत्रणा नव्हती, आणि पुढची अकरा वर्षे वाद घालणाऱ्यांना हीच पोकळी सोयीची पडली.

तिसरी_खिडकी

चर्चा चांगली चालली आहे, पण ती थोडी एका बाजूला झुकते आहे असे वाटल्यावाचून राहत नाही. थेन हे विमानाचे प्रमुख होते. पंखांची तपासणी करण्याचे कर्तव्य त्यांचे होते, आणि त्यांनी पंखांवर चढून किंवा हाताने चाचपून पाहिले नाही. पंखावरचा हिम वितळून पाणी ओघळते आहे असे दुरून पाहून त्यांनी समाधान मानले. दुसरे म्हणजे कंपनीच्या नियमानुसार प्रमुखाने डाव्या आसनावर बसायला हवे होते, आणि त्यांनी ते रेमंट यांना दिले होते. दोन प्रयत्न फसल्यानंतर, बर्फ पडत असताना, अंधार पडण्याआधी निघून जाण्याची घाई केली हेही विसरता येत नाही. शनिवारच्या लीग सामन्यासाठी वेळेवर पोचण्याचे दडपण संघावर होते, आणि ते कळत-नकळत वैमानिकांपर्यंत पोचले असणार. स्लश हे भौतिक कारण असेलही, पण म्हणून प्रमुख सर्वस्वी दोषमुक्त होतो का?

जुना_तंत्रज्ञ

आपले आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांतले पहिले दोन वस्तुस्थितीला धरून आहेत. तिसऱ्याबद्दल मी थोडा साशंक आहे, कारण संघावरचे दडपण कागदोपत्री दाखवता येते, ते थेन यांच्या निर्णयात उतरले हे मात्र आपण गृहीत धरतो आहोत. पण हे सगळे मान्य केले तरी माझी हरकत दोन गोष्टी एकत्र करण्याला आहे. नियम मोडला का, हा एक प्रश्न. आणि तो मोडल्यामुळे अपघात झाला का, हा दुसरा. रेमंट स्वतः अँबॅसडरचे अनुभवी कॅप्टन होते आणि बेलग्रेडकडे जाताना थेन यांनी विमान चालवल्यामुळे परतीची पाळी रेमंट यांची होती. आसनांची अदलाबदल झाली नसती तर धावपट्टीवरचा स्लश एका मिलिमीटरनेही कमी झाला नसता. पंखांची तपासणी अपुरी होती असे एडगर फे यांच्या अध्यक्षतेखालच्या ब्रिटिश आयोगाने 1960 मध्ये म्हटलेच होते. पण पंखावर बहुधा लक्षणीय बर्फ नव्हता असे ब्रिटिश आयोगाने पुढे मानले, तेव्हा तपासणीतली त्रुटी शिस्तीचा विषय उरली. तरीही कंपनीने त्याच वर्षी थेन यांना काढून टाकले, आणि लोकांच्या मनात शिक्षा व कारण या दोन गोष्टी कायमच्या चिकटल्या.

विलंबाचे कारण मूळ प्रश्नकर्त्यांनी विचारले होते. अपघात जर्मन भूमीवर झाला, म्हणून मुख्य चौकशीचा अधिकार जर्मनीचा होता. धावपट्टी वापरण्यायोग्य ठेवणे ही विमानतळाची जबाबदारी, तर पंख स्वच्छ ठेवणे ही वैमानिकाची. म्हणजे कारण कोणते ठरते यावर दोष कुणाच्या दारात जातो हे अवलंबून होते, आणि अशा स्थितीत पहिला निष्कर्ष बदलणे किती जड जाते हे वेगळे सांगायला नको. दरम्यान फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये स्लशच्या रोधावर प्रयोग झाले आणि त्यांच्या आधारावर जर्मनीत चौकशी पुन्हा उघडली गेली. 1966 मध्ये तिने स्लशचा वाटा मान्य केला, पण पंखावरचा बर्फ हेच मुख्य कारण ही भूमिका सोडली नाही. अखेर फे यांचा आयोग पुन्हा बसला, आणि जून 1969 मध्ये त्याने स्लश हे कारण असल्याचे व अपघाताचा दोष थेन यांच्यावर येत नसल्याचे नोंदवले. थेन पुन्हा कधीही प्रवासी विमान चालवू शकले नाहीत. ते कुक्कुटपालन करत होते, आणि 1975 मध्ये त्यांचे निधन झाले.

तिसरी_खिडकी

नियमभंग आणि कारण यांची फारकत आपण केलीत ती मला पटते. प्रमुखाची नैतिक जबाबदारी याहून व्यापक असते हे माझे मत मात्र कायम आहे. प्रवाशांना तिसऱ्यांदा विमानात बसवण्याचा निर्णय त्यांचा होता, आणि रात्रभर थांबण्याचा पर्याय त्यांच्यासमोर ठेवला गेला होता.

वातदर्शक

उशिरा सामील होतो आहे. इथे एक गोष्ट सुटली असे वाटले, ती म्हणजे 1958 मध्ये या धोक्याचे आकडे वैमानिकाच्या हाती नव्हते. स्लशमुळे धाव लांबते हे ढोबळपणे माहीत होते, पण किती जाडीचा थर असेल तर उड्डाण करूच नये, हे सांगणारे कोष्टक त्याच्या पुस्तिकेत नव्हते. तिसरी_खिडकी यांच्या नैतिक जबाबदारीच्या मुद्द्याला मी उत्तर देऊ शकत नाही, पण मुक्काम न करण्याचा निर्णय थेन यांनी इंजिनाचा धोका तोलून घेतला होता; स्लशचा धोका त्यांच्या तराजूत नव्हताच.

जेट विमाने आल्यावर हा प्रश्न अधिकच तातडीचा झाला, कारण त्यांचे उड्डाणवेग जास्त आणि म्हणून रोधही जास्त. अमेरिकेत 1961 मध्ये कॉन्व्हेअर 880 हे जेट विमान मुद्दाम पसरलेल्या स्लशमधून धाववून रोधाची मोजमापे घेण्यात आली. अशा कामातून जेट विमानांसाठी साधारण अर्ध्या इंचाची, म्हणजे 13 मिलिमीटरच्या आसपासची, मर्यादा रूढ झाली. अर्धा इंच ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण मुख्य आणि नाकाची सगळी चाके मिळून तो थर ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे कापत जातात हे डोळ्यांपुढे आणावे.

थर धावपट्टीवर सर्वत्र सारखा नव्हता, हा विमानवेध यांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नोव्हेंबर 2021 पासून लागू केलेल्या पद्धतीत धावपट्टीचे तीन भाग पाडून प्रत्येक भागाची स्थिती 0 ते 6 या अंकांनी स्वतंत्रपणे कळवावी लागते, आणि सोबत थराचा प्रकार व जाडीही द्यावी लागते. स्लश 3 मिलिमीटरपर्यंत असेल तर त्या भागाला 5 हा अंक मिळतो, आणि त्याहून जाड असला की तो अंक थेट 2 वर येतो. म्युनिकला त्या दुपारी अशी पद्धत असती, तर शेवटच्या तिसऱ्या भागाचा वेगळा अंक थेन यांना धावपट्टीवर जाण्याआधीच मिळाला असता.

शोधयात्री

माझ्या शंकेचे निरसन झाले. शेवटचे एकच विचारतो. त्याच दुपारी त्याच धावपट्टीवरून इतर विमाने सुखरूप निघाली होती असे वाचले, आणि स्लशच्या विरोधात हा युक्तिवाद अजूनही केला जातो. त्याचे उत्तर काय?

विमानवेध

उत्तर वर येऊन गेलेल्या गोष्टींतच आहे. इतर विमाने त्या अस्पर्श पट्ट्यात उड्डाणवेगाने शिरली नाहीत, कारण त्यांना तितकी लांबी लागली नाही. अँबॅसडरला ती लागली, कारण इंजिनाचा दाब स्थिर ठेवण्यासाठी थ्रॉटल सावकाश उघडले होते आणि त्यात सुरुवातीची धावपट्टी खर्ची पडली. त्यामुळे इतरांच्या यशस्वी उड्डाणांवरून धावपट्टीच्या पहिल्या भागाबद्दल काही सांगता येते, शेवटच्या भागाबद्दल काहीच सांगता येत नाही. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी इंजिनाचा मुद्दा बाजूला काढला होता, त्याला इथे एवढीच पुरवणी जोडतो की इंजिनाने विमान अडवले नसले, तरी ते धावपट्टीच्या नेमक्या कोणत्या भागात 117 नॉटवर पोचेल हे ठरवण्यात त्याचा हात होता.